पर्युषित अन्नाचा विचार

उत्सवाची शेवटची पंगत उठते, उष्टी काढली जातात, पाकशाळेत पाणी फिरते, आणि तरीही दोन-तीन पातेली अर्धीमुर्धी भरलेली राहतात. त्या अन्नाचे काय करावयाचे हा प्रश्न त्या घटकेस कोणी मोठ्याने विचारीत नाही. सर्वच थकलेले असतात. कोणीतरी पातेल्यांवर झाकणे ठेवतो, ‘सकाळी पाहू’ असे म्हणतो आणि दिवे मालवितो. आमच्या अल्पमतीप्रमाणे या ‘सकाळी पाहू’ मध्येच सगळा घोटाळा भरलेला आहे. शिजविलेले अन्न किती वेळपर्यंत खाण्यास योग्य राहते, आणि विशेषतः ते दुसऱ्याच्या पानात वाढण्यास किती वेळपर्यंत योग्य राहते, याचा विचार या लेखात करण्याचे योजिले आहे. विषय चुलीपाशी घडणारा आहे म्हणून पुरुषवर्गाने पान उलटू नये. मंदिरात ती झाकणे ठेवणारे हात बहुधा पुरुषांचेच असतात.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि तामस आहारात ‘यातयाम’ व ‘पर्युषित’ अशा दोन विशेषणांचे अन्न मोजले आहे. यातयाम म्हणजे जे शिजून एक प्रहर, अर्थात तीन तास, लोटले ते, असा अर्थ काही टीकाकार करतात. श्रीशंकराचार्यांनी मात्र त्याचा अर्थ अर्धकच्चे असा केला आहे. पर्युषित म्हणजे शिजवून मध्ये रात्र गेलेले, याविषयी फारसा मतभेद नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात त्याज्य भोजनाची गणना करताना पुन्हा ऊन केलेले अन्नही त्यात घातले आहे. येथपर्यंत सर्व सरळ आहे.

परंतु मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात व याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात या नियमास काही अपवाद दिलेले आढळतात, आणि ते लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहेत. तुपातेलाने युक्त असलेले अन्न शिळे झाले तरी चालते. आणि गव्हाचे, सातूचे व दुधाचे पदार्थ स्नेहावाचून असले तरी चालतात. या यादीत भात नाही. गहू आला, सातू आला, गोरस आला. तांदूळ वगळला गेला. ज्यांनी हे लिहिले त्यांस आजचे जंतुशास्त्र ठाऊक होते असा दावा करण्याची आमची इच्छा नाही. तसा दावा करणारांचा उत्साह आम्हांस नेहमी थोडा संकोचात टाकतो. मात्र पिढ्यान् पिढ्या अन्न शिजविणाऱ्या व खाणाऱ्या लोकांनी काही पाहिले असेल आणि तेच नियमात उतरले असेल, असे मानण्यास हरकत दिसत नाही. कारण भाताविषयी आज जे कळले आहे ते याच्याशी चांगले जुळते.

भाताचा धडा आम्हांस पुस्तकातून मिळाला नाही. तो घरातच मिळाला, आणि लाजिरवाण्या रीतीने मिळाला. २०१६ सालच्या श्रावणातील गोष्ट. आमचे वडील येथे वडोदऱ्यात एका मंदिरात पूजा करतात. त्या सोमवारी नैवेद्याचा भात सकाळी साडेदहाच्या सुमारास उतरला. घरच्या मंडळींना उपवास. त्यामुळे भात बहुतेक तसाच उरला. तो मोठ्या पातेल्यात, वर घट्ट झाकण घालून, ओट्यावर राहिला. बाहेर पाऊस, घरात दमट उबारा. रात्री नऊच्या गाडीने ग्वाल्हेरचे एक वृद्ध स्नेही सपत्नीक आले. दुसऱ्या दिवशी त्यांना चांदोदला नर्मदेवर नारायणबळीसाठी जावयाचे होते. प्रवासाने दमलेले, पोळी नको, काहीतरी हलके द्या, असे म्हणाले. आईने तोच भात मोकळा करून पाहिला. वास नव्हता, तार नव्हती, चवही बदललेली नव्हती. तिने त्यास जिरे-मिरचीची फोडणी दिली, चांगला वाफविला आणि दह्याबरोबर वाढला. आम्ही उपवास सोडून पोळी-भाजी खाल्ली; भातास आम्हांपैकी कोणी शिवले नाही.

रात्री बाराच्या सुमारास दोघांनाही उलट्या सुरू झाल्या. आजींची अवस्था पहाटेपर्यंत इतकी वाईट झाली की डॉक्टरांना घरी बोलवावे लागले. भाताची तपासणी कोणी केली नाही, म्हणून शपथेवर सांगता येत नाही. परंतु डॉक्टरांनी जेवणाची व उलटीची वेळ विचारली, काय काय खाल्ले ते विचारले, आणि ‘भात केव्हा शिजविला होता?’ एवढा एकच प्रश्न पुन्हा विचारला. आई म्हणाली, ‘पण तो चांगला होता हो! आणि मी तो चांगला गरम केला होता.’ चांदोदचा मुहूर्त हुकला तो हुकलाच. वडील तीन दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत.

आईच्या त्या दोन वाक्यांतच आपल्या सर्वांच्या घरातील समजूत साठविलेली आहे, म्हणून त्यांचा क्रमाने विचार करू.

तांदळाबरोबर मातीतून बॅसिलस सीरियस नावाचे जंतू येतात. प्रतिकूल काळात हा जंतू बीजाणूचे रूप धारण करतो, जणू कवच घालून झोपी जातो. हे कवच उकळत्या पाण्यातही टिकते. तेव्हा भात शिजला म्हणजे हा जंतू मेला असे नव्हे. इतर जंतू मेले आणि याला मैदान मोकळे झाले, असे म्हणावे लागते. भात गरम आहे तोपर्यंत तो झोपलेला राहतो. भात कोमट झाला की जागा होतो. आणि मोठ्या पातेल्यातील, घट्ट झाकलेला भात मध्यभागी तासन् तास कोमट राहतो. वरून हात लावणारास तो गार वाटत असला तरी. हा जंतू अर्ध्या तासास दुप्पट होतो असे हिशेबापुरते धरले, तर दहा तासांत वीस वेळा दुपटी होते, म्हणजे एकाचे दहा लाखांहून अधिक होतात. बुद्धिबळाच्या पटावरील घरांत दुप्पट दुप्पट धान्य मागणाऱ्या त्या चतुर माणसाची गोष्ट वाचकांनी ऐकली असेल. तोच हिशेब येथे पातेल्यात चालतो, आणि देणेकरी मात्र आपले पोट होते.

वाढताना हा जंतू भातात एक विष सोडतो. ते विष जंतूपेक्षाही चिवट असते. फोडणीने, वाफेने, किंबहुना चुलीवर देता येईल तेवढ्या कोणत्याही उष्णतेने ते नष्ट होत नाही. त्याने बहुधा एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. याच जंतूचा दुसरा प्रकार पोटात गेल्यावर विष तयार करतो आणि आठ ते सोळा तासांनी जुलाब होतात. म्हणून ‘मी तो गरम केला होता’ हे समर्थन भाताच्या बाबतीत लंगडे पडते. आणि ‘तो चांगला होता’ हे समर्थन तर मुळातच टिकत नाही. कारण अन्न आंबविणारे, तार आणणारे, वास आणणारे जंतू निराळे, आणि आजारी पाडणारे जंतू निराळे. पहिले बिचारे सूचना तरी देतात. नाकाने अन्न नासले आहे हे कळेल. ते निर्धोक आहे हे नाकाने कळणार नाही.

मग मर्यादा कोणती? जागतिक आरोग्य संघटनेने अन्नाविषयी जी पाच सूत्रे घालून दिली आहेत त्यांत शिजविलेले अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांहून अधिक ठेवू नये, वाढीपर्यंत ठेवावयाचे तर ते ६० अंश सेल्सियसच्या वर कढत ठेवावे, आणि साठवावयाचे तर ५ अंशांच्या खाली थंड ठेवावे, असे सांगितले आहे. मधला पट्टा जंतूंचा. अमेरिकेतील नियम याहून एक पाऊल पुढे जाऊन हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास मोकळा ठेवतो. वडोदऱ्याच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आपल्यास त्या एका तासाचाच हिशेब लागू आहे हे उघड आहे. टीकाकारांचा प्रहर तीन तासांचा. आधुनिकांची मर्यादा त्याहून आखूड. जुने लोक फार कडक होते असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

वरण, आमटी, उसळ यांची गोष्ट भाताहून फार वेगळी नाही. मोठ्या हंड्यात दाट आमटी खोलवर कोमट राहते, आणि तेथे हवेवाचून वाढणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचा दुसरा बीजाणुधारी जंतू बळावतो. अनुकूल उष्णतेत त्याची दुपटी दहा-बारा मिनिटांतही होते. पश्चिमेकडे मोठ्या सामुदायिक जेवणांनंतर होणाऱ्या आजारांत याचे नाव वारंवार येते. आमटी पुन्हा खळखळून उकळली तर हा जंतू बऱ्याच अंशी मरतो. म्हणून आमटीला उकळीचा उपयोग आहे, भाताला तेवढा नाही. चिंचेची आमटी वा कढी पितळी भांड्यात ठेवणारांनी कल्हई शाबूत आहे की नाही हेही पाहावे. तो जंतूंचा प्रश्न नव्हे, धातूचा आहे.

ओले खोबरे घातलेली चटणी, कोशिंबीर, काकडी-टोमॅटोचे पदार्थ यांवर फार शब्द खर्च करीत नाही. ते त्या पंगतीचे, पंगतीबरोबर संपवावे.

दुधाच्या पदार्थांबद्दल मात्र थांबले पाहिजे, कारण येथे स्मृतींनी दिलेली मोकळीक आणि आजचा अनुभव यांत फरक पडतो. चक्का बांधून केलेले श्रीखंड आंबट व साखरेने दाट असते, ते थंडीत टिकते. बासुंदी, खीर, खव्याचे पेढे यांची गोष्ट तशी नाही. माणसाच्या नाकात, त्वचेवर, विशेषतः गळवात व चिघळलेल्या जखमेत स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू असतो. तो हाताने पेढ्यात उतरतो, तेथे वाढतो आणि विष सोडतो. हेही विष उकळीला दाद देत नाही. मंदिरातील आमच्या समवयस्क मित्रांस एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. आपण स्नान करून, सोवळे नेसून नैवेद्यास बसतो, हे उत्तमच. परंतु बोटाला गळू झालेले असेल तर सोवळे त्यास अडवीत नाही. त्या दिवशी मोदक वळण्यास दुसऱ्याला बसवावे. सुट्या मिठाईच्या दुकानांनी प्रत्येक मिठाईपुढे ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहावे, अशी आज्ञा केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून लागू केली. हलवायास जे लागू झाले ते देवाच्या पाकशाळेने आपण होऊन पाळण्यास कोणाची आडकाठी आहे?

आता कोणी म्हणेल की आपल्या शेजारीपाजारी गुजराती घरांत शीतळा सातम पाळतात, तिचे काय? श्रावण वद्य षष्ठीस, म्हणजे रांधण छठीला, सर्व स्वयंपाक करून ठेवावयाचा, आणि सप्तमीस चूल न पेटविता तेच थंड अन्न खावयाचे. इकडे माळव्यातही होळीनंतर बासोडा याच रीतीने होतो. लहानपणी शेजारच्या मासींकडे हे ताट जेवण्यास आम्ही आनंदाने जात असू. परंतु त्या ताटात काय असे ते आठवावे. थेपले, पुऱ्या, तळलेले वडे, सुखडी, दही. म्हणजे एकतर तळलेले व कोरडे, नाहीतर साखर-तुपाचे, नाहीतर आंबट. जंतूंस वाढण्यास ओलावा लागतो, आणि आंबटपणा त्यांना मानवत नाही. आपल्याकडे दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या प्रवासाला देत, त्यातही हेच धोरण दिसते. दुसऱ्या दिवशीची फोडणीची पोळी आपण निःशंकपणे खातो, पण शिळ्या भाताचा फोडणीचा भात तितका निःशंक नाही, याचे कारणही हेच. पोळी कोरडी पडते. भात ओला राहतो. ओडिशातील पखाळ किंवा तमिळ देशातील पाण्यात ठेवलेला भात यांचा दाखला येथे देण्यात येतो; पण तो भात पाण्यात घालून मुद्दाम आंबविलेला असतो, झाकण घालून विसरलेला नसतो.

शीतकपाटाविषयी लोकांत दोन टोकाच्या समजुती दिसतात. एक अशी की आत ठेवले म्हणजे काळ थांबला. काळ थांबत नाही, मंदावतो. साधारणतः वरण-भाजी तीन ते चार दिवस आणि भात एकच दिवस, एवढीच मुदत जाणकार देतात, आणि तीसुद्धा पदार्थ वेळेवर आत गेला असेल तरच. दुसरी समजूत अशी की अन्न पूर्ण गार झाल्याशिवाय आत ठेवूच नये. त्या गार होण्याच्या प्रतीक्षेतच चार-पाच तास जातात. योग्य रीत मधली आहे. भात परातीत दोन बोटे जाडीचा पसरावा, आमटी उथळ भांड्यांत वाटून घ्यावी, वाफ ओसरली की दोन तासांच्या आत झाकून आत ठेवावी. आख्खे पातेले आत सारू नये. बाहेर काढल्यावर लागेल तेवढेच काढावे, ढवळून मध्यापर्यंत वाफाळेल असे गरम करावे, आणि एकदाच. वाग्भटाची पुन्हा ऊन करण्याविरुद्धची ताकीद येथे निदान दुसऱ्या वेळेपुरती तरी मानावी, असे आम्हांस वाटते.

येथवर घरच्या माणसांचा विचार झाला. अतिथीचा विचार याहून निराळा आहे. आपण आपल्या घरी काल रात्रीची आमटी खातो तेव्हा ती केव्हाची हे आपणांस ठाऊक असते. जोखीम आपली, निवड आपली. अतिथीस ते ठाऊक नसते आणि विचारणे त्यास शोभत नाही. मंदिरात तर गोष्ट आणखी कठीण. प्रसाद नाकारता येत नाही. हातावर ठेवला की मस्तकास लावून मुखात घालावयाचा, हीच आपली रीत. त्या हातांत लहान मुलांचे हात असतात, गर्भवतींचे असतात, आमच्या ग्वाल्हेरच्या आजींसारख्या थकलेल्यांचे असतात. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या वतीने वाढणाराने विचार केला पाहिजे.

यावर आम्हांस एका वृद्ध गृहस्थांनी असे उत्तर दिले की प्रसाद कधी शिळा होत नाही. मनूनेही हविःशेषास पर्युषितत्वाचा दोष लागत नाही असे म्हटले आहे. वचन खरे आहे. परंतु तेथे प्रश्न ते खाण्यात पाप आहे काय हा आहे, आणि उत्तर ‘नाही’ असे आहे. ते खाऊन उलटी होईल काय, हा प्रश्न मनूला कोणी विचारलेला नव्हता. शिवाय हविःशेष म्हणजे यज्ञातून उरलेला अल्प भाग. पाचशे पानांच्या महाप्रसादातून उरलेला हंडाभर भात त्या वचनाच्या आश्रयाने दुसऱ्या दिवशी वाटणे हे आम्हांस तरी पटत नाही.

तसेच उरलेले अन्न सकाळी दारच्या गरिबांस वाटण्याची जी चाल आहे, तीत हेतू चांगला असला तरी वेळ चुकीची आहे. जे आपण पाहुण्याच्या पानात वाढणार नाही ते त्यांच्या पानात का वाढावे? वाटावयाचे तर शेवटची पंगत उठताच, अन्न कढत असताना वाटावे. त्यासाठी दोन स्वयंसेवक आधीच नेमून ठेवावेत. गाईलाही पाटीभर भात एकदम घालू नये. इतके शिजविलेले धान्य तिच्या पोटात आंबते आणि ती आजारी पडते, हे गोपालकांस विचारल्यास ते सांगतील.

आणि मुळात उरू नये याची खटपट करावी. आमच्या वडिलांचा हिशेब एक किलो तांदळास दहा पाने असा आहे, पोळी असेल तर बारा. सगळा भात एकदम न शिजविता निम्मे तांदूळ धुऊन निथळत ठेवतात, आणि दुसरी पंगत बसली की मगच ते पातेले चढवितात. शेवटच्या पंगतीस गरम भात मिळतो आणि पंगत रोडावली तर तांदूळ तांदूळच राहतात. आचाऱ्यास हे प्रथम आवडले नव्हते; दोनदा चूल सांभाळावी लागते म्हणून तो कुरकुरला.

त्या श्रावणानंतर वडिलांनी आमची शाळेची जुनी पाटी घरच्या ओट्याजवळ खिळ्यास टांगली. पदार्थ उतरला की त्याचे नाव व वेळ तीवर खडूने लिहावयाची, हा तेव्हापासूनचा नियम. पुढे तशीच एक पाटी मंदिराच्या पाकशाळेतही गेली. पहिल्या उत्सवात मंडळी हसली. दुसऱ्या उत्सवात कोणीतरी आपण होऊन नवा खडू आणून ठेवला.

ग्वाल्हेरची ती वृद्ध मंडळी पुढील वर्षी पुन्हा आली, चांदोदचे राहिलेले कार्य करण्यासाठी. गाडी पुन्हा उशिराच पोहोचली. या वेळी आईने त्यांना काय हवे ते विचारले नाही. ते हात-पाय धुऊन येईतो तिने तांदूळ चुलीवर चढविले होते. आजी ओट्यापाशी पाटावर टेकल्या, पाटीवरची अक्षरे त्यांनी चष्मा लावून वाचली, आणि भात उतरताच खडू हातात घेऊन वेळ त्यांनीच लिहिली.